आधी तेल, मग ताकद : जुनी पोर्शे ९४४ टर्बो ट्रॅकवर नेण्यापूर्वी

मागच्या हिवाळ्यात श्टुटगार्टजवळच्या एका भाड्याच्या गॅरेजात मी आणि माझा मित्र त्याच्या १९८७ च्या पोर्शे ९४४ टर्बोखाली आडवे झालो होतो. इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, उतरवलेलं होतं. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक करून सोडवल्या आणि आतली बेअरिंगं वर्तमानपत्रावर क्रमानं मांडली. बेअरिंग म्हटलं की गोळ्यांचं बेअरिंग डोळ्यांसमोर येतं, पण ही तशी नसतात. बांगडीचे दोन तुकडे करावेत तशी पातळ पत्र्याची अर्धी-अर्धी जोडी असते. एक, तीन आणि चार नंबरच्या जोड्या सारख्याच राखाडी, मंद दिसत होत्या. दोन नंबरच्या जोडीवर मात्र मधोमध तांबूस पट्टा उघडा पडला होता. वरचा मऊ थर घासून गेला की खालचा तांब्याचा थर असा दिसू लागतो.

गाडी उत्तम चालत होती. खटखट नाही, धूर नाही, काट्यावर तेलाचा दाबही ठीक. तरीही या बेअरिंगावर तिला आणखी दोन-तीन वेळा शर्यतीच्या ट्रॅकवर नेलं असतं, तर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला असता.

जुन्या टर्बो गाडीला ट्रॅकसाठी तयार करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती हॉर्सपॉवर काढता येईल?' माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. रस्त्यावर गाडी पूर्ण ताकदीनं चालते ती ओव्हरटेक करतानाचे पाच-सात सेकंद. ट्रॅकवर तीच ताकद ती सलग वीस मिनिटं देते, आणि मधे उसंत मिळत नाही. त्या वीस मिनिटांत तेल कुठे जातं, उष्णता कुठे जाते आणि दाब कुठून निसटतो, हे कळलं की ट्यूनिंगचं निम्मं काम झालं. ९४४ टर्बो हे सगळं फार स्पष्टपणे शिकवते, म्हणून तिच्याच आधारानं सांगतो.

ही गाडी १९८५ मध्ये आली आणि १९९१ पर्यंत बनत राहिली. इंजिन २.५ लिटरचं, पण सिलिंडर फक्त चार. म्हणजे एकेक सिलिंडर सहाशे सीसीहून मोठा. ताकद २२० हॉर्सपॉवर, आणि १९८८ च्या 'टर्बो एस'मध्ये २५०. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं. वळणावर ती इतकी समतोल राहते की नवख्यालाही वेग वाढवण्याचा धीर येतो. १९८६ पासून जर्मनीत फक्त याच गाड्यांची 'टर्बो कप' शर्यत भरायची. मूळ बांधणी भक्कम आहे यात शंका नाही. पण आज आपल्या हाती येते ती पस्तीस-चाळीस वर्षं जुनी गाडी, आणि तिला टायर मात्र आजचे लावले जातात. खरी गोम इथेच आहे.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. पंप त्या फटीत दाबानं तेल ढकलतो आणि क्रँक त्या तेलाच्या पडद्यावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही. म्हणून तर इतका पातळ पत्रा लाखो किलोमीटर टिकतो. पण पडदा तुटला की खेळ संपला. ६,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. अर्धा सेकंद तेल पोचलं नाही तर पन्नास फेरे कोरडे.

तेल का पोचत नाही? पाण्यानं अर्धी भरलेली परात हातात धरून झपकन वळून पाहा. पाणी एका काठावर चढतं आणि दुसऱ्या बाजूचा तळ उघडा पडतो. चेंबरमध्ये नेमकं हेच होतं. रोजच्या चालवण्यात वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशापर्यंतही क्वचितच जातो. ट्रॅकवर, चिकट रबराच्या टायरवर, तो गुरुत्वाकर्षणाइतका होतो, कधी थोडा जास्तही. इतक्या जोराला तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. वळण लहान असेल तर एवढ्यात ते संपतं आणि तेल परत येतं. लांबलचक, चार-पाच सेकंद चालणाऱ्या वळणात मात्र तेल बाजूला चिकटून राहतं, आणि पंपाची नळी तेलाऐवजी हवा ओढू लागते.

यात आणखी एक भर पडते. क्रँक वेगानं फिरताना चेंबरमधल्या तेलाला रवीनं ताक घुसळावं तसं घुसळतो. फेस होतो. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. त्यामुळे फेसाळ तेलाचा पडदा ओझं पेलत नाही. त्यात तेल तापून पातळ झालेलं असेल तर आणखीच वाईट. क्रँकच्या पोटातून कोरलेल्या ज्या वाटांनी रॉडपर्यंत तेल जातं, त्यांची रचना या इंजिनात अशी आहे की टंचाई झाली की पहिला फटका दोन नंबरच्या रॉडला बसतो. ९४४ घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्यांमध्ये 'दोन नंबरचं बेअरिंग' हा शब्दप्रयोगच झाला आहे.

आता टायरांचं बघा. लोक हौसेनं ट्रॅकचे चिकट टायर घालतात, गाडी वळणावर जास्त वेग धरते, फेरीचा वेळ दोन-तीन सेकंदांनी उतरतो, सगळे खूश. इंजिनाला कुणी हातही लावलेला नसतो. पण वळणातला जोर वाढला, म्हणजे तेल आणखी कललं आणि जास्त वेळ कललेलं राहिलं. टायर बदलले आणि बेअरिंग गेलं, असं हे नातं आहे. म्हणून माझा आग्रह असा की चिकट टायर विकत घेण्याआधी चेंबर उघडावं.

उपाय चढत्या क्रमानं आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेला ठेवणं, जुन्या इंजिनाला साजेसं जाडसर तेल वापरणं, आणि दर दोन-तीन ट्रॅक दिवसांनी ते बदलणं. काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर तांबं आणि शिसं किती उतरलंय ते कळतं; बेअरिंग झिजत असेल तर इंजिन न उघडताच पत्ता लागतो. पुढची पायरी चेंबरमध्ये कप्पे आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवण्याची. तेल पंपाच्या नळीकडे येऊ शकतं, पण तिथून पळू शकत नाही. त्याहून पुढे दाबाची टाकी. नळकांड्यात एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला दोन-तीन लिटर तेल, मधे सरकता दट्ट्या. इंजिनातला दाब पडला की हवा तेलाला इंजिनात ढकलते आणि ते कठीण चार सेकंद निभावून नेते. चेंबरमध्ये तेल न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायची 'ड्राय संप' ही शर्यतीतली पद्धत आहे. ती सर्वोत्तम, पण तिचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा.

आम्ही कप्पे बसवले, चारही जोड्या नव्या घातल्या आणि डॅशबोर्डवर एक ठसठशीत लाल दिवा लावला, तेलाचा दाब पडला की पेटणारा. मूळ काटा आहेच, पण वळणात काट्याकडे बघायला कुणाला फुरसत असते? दिवा डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही दिसतो.

तेलानंतर उष्णता. टर्बो आपल्याला ट्रकमुळे चांगलाच ओळखीचा आहे. बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, इंधन जास्त म्हणून ताकद जास्त. पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं ना? दाबलेली हवा तापतेच. ९४४ टर्बोचा मूळ दाब वातावरणाच्या वर सुमारे ०.७५ बार आहे. २७ अंशांची हवा एवढ्या दाबाला कोंबली तर टर्बोतून निघताना ती साधारण १०० अंशांवर जाते. दाब १.१ बार केला तर १३० च्या घरात. पुढे इंटरकूलर नावाची जाळी असते, तिच्यातून जाताना हवा थंड होते. पण उन्हाळ्यात, वीस मिनिटं, एकामागोमाग फेऱ्या मारताना ही जाळी स्वतःच तापून बसते. सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी उडत होती आणि दुपारी ढिली का पडली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

गरम हवेचा खरा धोका ताकद कमी होण्याचा नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. हवा आधीच तापलेली आणि दाबलेली असेल तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. दोन भडके आदळतात, आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. हेच नॉकिंग. घाटात वरच्या गिअरवर गाडी रेटताना जुन्या पेट्रोल गाड्यांतून टिणटिण आवाज यायचा, तो हाच. टर्बो इंजिनात पूर्ण दाबाला हा दणका इतका जबर असतो की हेड गॅस्केट फुटतं, पिस्टनच्या कडा तुटतात. सहाशे सीसीचा मोठा सिलिंडर, म्हणजे ज्योतीला जायचं अंतरही लांब; त्यामुळे ही भीती इथे जास्तच. म्हणूनच कंपनीनं या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, ८ ला १ एवढं कमी ठेवलं.

त्या काळाच्या मानानं ९४४ टर्बोत एक फार हुशार गोष्ट होती. बॉशच्या मोट्रॉनिक कॉम्प्युटरच्या जोडीला नॉकिंग ऐकणारा दुसरा कॉम्प्युटर. (नाशिककर आजही ज्याला 'मायको' म्हणतात, तीच ही बॉश.) इंजिनाला एक कान चिकटवलेला असतो. दणका ऐकू आला की हा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर टर्बोचा दाब उतरवतो. आज मात्र त्या कानाची वायर कडक होऊन तडकलेली असते, कनेक्टरवर काट चढलेली असते. दाब वाढवण्याआधी हा पहारेकरी जागा आहे की नाही हे बघायलाच हवं.

जुन्या टर्बोचा दाब मुळात धड मिळतोय का, तेही बघायला हवं. रबरी पाइप चाळीस वर्षं इंजिनाच्या आचेत भाजलेले असतात. बोटानं दाबले तर खारीसारखे तुकडे पडतात. वेस्टगेट, म्हणजे जादा वायू बाजूला सोडून दाबावर लगाम ठेवणारी झडप, तिची स्प्रिंग सैल झालेली असते. आम्ही केलं ते पंक्चरवाल्याचं काम. टर्बोच्या तोंडाला बूच लावलं, त्याला सायकलचा व्हॉल्व्ह बसवला, कॉम्प्रेसरनं हळूहळू एक बारपर्यंत हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. इंटरकूलरच्या एका क्लॅम्पखाली मोठा फुगा आला, लगेच फुटला, पुन्हा आला. आणखी दोन ठिकाणी बारीक फेस. तासाभराचं काम आणि चार नवे पाइप. त्यानंतर मित्र गाडी चालवून आला आणि म्हणाला, ''अरे, ही तर दुसरीच गाडी आहे!'' एकही हॉर्सपॉवर वाढवली नव्हती. हरवलेली तेवढी परत मिळाली होती.

एवढं सगळं झाल्यावर दाब वाढवायचा विचार करावा. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, हे पहिलं. या गाडीत येणारी हवा मोजायला एक झापड आहे. हवेच्या जोरानं ते उघडतं आणि किती उघडलं यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. एका मर्यादेनंतर झापड पूर्ण उघडलेलं असतं, आणि पुढे आणखी हवा आली तरी कॉम्प्युटरला ती कळत नाही. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण कोरडं होतं, कोरडं मिश्रण जास्त तापतं, आणि आपण पुन्हा नॉकिंगच्या दारात. पेट्रोलचा दाब २.५ वरून ३ बारवर नेला तर इंजेक्टर साधारण नऊ टक्के जास्त पेट्रोल सोडतात. मोजक्या वाढीला तेवढं पुरतं. त्यापुढे इंजेक्टर, हवा मोजायची पद्धत, कॉम्प्युटर, सगळंच बदलावं लागतं. काहीही करा, सायलेन्सरच्या पाइपात हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर आधी बसवा. साध्या चालवण्यात एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असते. पूर्ण दाबाला ते प्रमाण साडेअकरा ते बारापर्यंत खाली ठेवतात, कारण जादाचं पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं. हा आकडा समोर नसताना दाब वाढवणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं.

मोठा टर्बो घालावा का? ट्रॅकसाठी मी नको म्हणेन. मोठं चक्र फिरायला वेळ घेतं. वळणाच्या मध्यावर पाय दाबला आणि ताकद दीड सेकंदानं, चाक अजून वळलेलं असताना अंगावर आली, तर मागची चाकं सुटतात. मूळ टर्बो ३,००० आरपीएमच्या आसपास जागा होतो. त्याच्याशी जुळवून घेत, पाय थोडा आधी ठेवायला शिकणं हे जास्त वेगवान ठरतं.

ब्रेकचा हिशोब मी नेहमी पाण्यात करतो. जर्मनीतल्या होकेनहाइमच्या ट्रॅकवर, एका फेरीत ४.५७४ किलोमीटर, पाराबोलिका नावाचा लांब बाक आहे. तिथून पूर्ण वेगात येऊन लगेच एका अगदी अरुंद वळणासाठी थांबल्यासारखं व्हावं लागतं. चालकासकट १,४०० किलोची गाडी ताशी २०० वरून ६० वर आणताना जी उष्णता तयार होते, ती सहा लिटर पाण्याला उकळी आणेल. तीन-चार सेकंदांत सहा लिटर! ती जवळजवळ सगळी चार डिस्कमध्ये जाते, आणि पुढच्या फेरीत पुन्हा. या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) उत्तम आहेत, त्यांना बदलायची घाई नको. ब्रेक ऑइल मात्र आधी बदला. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की तो उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि पेडल थेट फरशीला. नवं ऑइल, ट्रॅकचे पॅड आणि पुढून डिस्कवर हवा नेणारे पाइप, एवढ्यावर वर्षभर सुखानं निभतं.

सस्पेन्शनबद्दल फक्त दोन गोष्टी. वाळलेले रबरी बुश बदलल्याशिवाय महागडे शॉक ॲब्सॉर्बर घालू नका, फरक कळणारच नाही. आणि दिसायला छान म्हणून गाडी फार खाली बसवू नका. पुढचं चाक धरणाऱ्या अल्युमिनियमच्या आर्ममधला बॉल जॉइंट अशा वेळी त्याच्या कोनाच्या शेवटाला पोचतो आणि त्याची दांडी तुटू शकते. ट्रॅकवर चाक निखळण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे.

टायमिंग बेल्टचं आम्ही पहिल्याच दिवशी केलं होतं. या इंजिनात दोन बेल्ट असतात. एक व्हॉल्व्हसाठी, दुसरा कंप कमी करणाऱ्या दोन दांड्यांसाठी. व्हॉल्व्हचा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. दुसरा तुटला तर तो पहिल्यात अडकू शकतो. दोन्ही सोबत बदलायचे आणि ताण मापकानंच तपासायचा, बोटानं चाचपून नाही.

एप्रिलमध्ये गाडी होकेनहाइमला नेली. मूळ दाब, मूळ टर्बो, मूळ कॉम्प्युटर. लाल दिवा पूर्ण दिवसात एकदाही पेटला नाही. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश, वरच्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा हात न लावता मारायची, म्हणजे डिस्क आणि टर्बो दोन्ही निवतात. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागेत) आल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक लावायचा नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी पुढून बारीक घुंऽ आवाज येत राहतो. टर्बोभोवती पाणी खेळवणारा छोटा विजेचा पंप असतो तो, इंजिन थांबल्यावरही थोडा वेळ चालतो, टर्बोत अडकलेलं तेल करपू नये म्हणून. तो आवाज येतोय ना, हे मित्र दर वेळी बॉनेटवर वाकून ऐकायचा. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं, तेल खाली उतरू द्यायचं, आणि डिपस्टिक पुसून पुन्हा बघायची. संध्याकाळपर्यंत पातळी नखभर उतरली होती. तेवढं तेल आम्ही घातलं आणि गाडी चालवतच घरी आणली.